बाटलीतला तुकडा कुणाचा?

बँकेच्या नोकरीत मी रोकड पुष्कळ वाहिली. म्हणजे स्वतःच्या खांद्यावरून नव्हे. शाखेतून करन्सी चेस्टकडे जाणाऱ्या जीपमध्ये अधिकारी म्हणून बसण्याची पाळी अनेकदा आली. पेटीला दोन कुलपे, दोन किल्ल्या दोघांच्या खिशात, शेजारी बंदूकधारी रक्षक, निघताना एक सही आणि पोचल्यावर दुसरी. एखादी थप्पी कमी निघालीच, तर ती कोणाच्या ताब्यात असताना कमी झाली, हे कागदावरून सांगता यायचे. पैशाची ने-आण अशीच व्हायला हवी, याबद्दल कुणाचेही दुमत नव्हते.

२००८ सालच्या श्रावणात मी एक वेगळीच वस्तू वाहून नेली. माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या, गालातून काढलेला तुरीच्या दाण्याएवढा मांसाचा तुकडा. सर्जनच्या दवाखान्यातील नर्सने तो एका छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत घालून माझ्या हाती दिला, सोबत एक कागद दिला आणि "स्टँडच्या पलीकडे लॅब आहे, तिथं नेऊन द्या," म्हणून सांगितले. बाटलीच्या झाकणावर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर स्केचपेनने लिहिलेले नाव पावसाच्या थेंबांनी फुटू लागले होते. पावती नाही, सही नाही, वहीत नोंद नाही. रिक्षात मी ती पिशवी मांडीवर धरून बसलो होतो. उतरताना ती सीटवर विसरली असती, तर जगातल्या कुठल्याही कागदावरून तिचा पत्ता लागला नसता.

आपल्यापैकी पुष्कळांनी अशी बाटली कधी ना कधी नेलेली असेल. आईची, नवऱ्याची, बहिणीची. आत काय आहे याकडे आपण पाहत नाही. मनात एकच प्रश्न असतो, की रिपोर्ट काय येणार. माझेही तसेच होते. परंतु त्या बाटलीमुळे मला दोन गोष्टी कळल्या. एक, आपले शरीर कशाचे विणलेले आहे ही. आणि दुसरी, त्या विणकामावर पहिला हक्क कुणाचा, ही. दुसरी गोष्ट कळायला मला उशीर झाला. तो उशीर महाग पडू शकला असता, म्हणून हा लेख.

लॅबमधल्या डॉक्टर पन्नाशी ओलांडलेल्या बाई होत्या. त्यांनी बाटली उजेडात धरली, झाकण किंचित उघडून वास घेतला आणि समाधानाने मान हलवली. वास फॉर्मॅलिनचा होता, म्हणजे तुकडा टिकणार होता. मग त्यांनी कागद पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. कागदावर दोनच शब्द होते: तोंड, बायोप्सी.

"कुठला गाल? डावा की उजवा?" त्यांनी विचारले. "कधीपासून आहे? तंबाखू? सुपारी? तोंड किती उघडतं? यापूर्वी कधी तपासलं होतं का?"

मी जमेल तशी उत्तरे दिली. अण्णा तंबाखूच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. पण सुपारी मात्र तीस-पस्तीस वर्षे त्यांच्या गालात होती. पोस्टाच्या टेबलावर शिक्का, शाईचा पॅड आणि अडकित्ता शेजारी शेजारी असत. चार-पाच वर्षांपूर्वी त्यांना ठेचा झोंबू लागला, मग साधी आमटीही. पुढे तोंड उघडेनासे झाले. भाकरीचा घास लहान लहान करून कोंबावा लागे. आम्ही म्हणायचो, वय झाले. मग डाव्या गालात आत एक पांढरट चट्टा आला आणि त्याची कड दुखू लागली.

बाईंनी हे सारे स्वतःच्या अक्षरात त्या कागदावर उतरवले आणि म्हणाल्या, "मला काचेवर दिसतं ते अर्धं असतं. उरलेलं अर्धं या कागदावर यावं लागतं. ते कुणी लिहीत नाही."

मी विचारले, "संध्याकाळपर्यंत मिळेल?"

त्या हसल्या. दिवसातून दहा वेळा हा प्रश्न त्यांना ऐकावा लागत असणार. आपल्याला वाटते, रक्तातली साखर जशी तासाभरात कळते, तसाच हाही रिपोर्ट. तसे नसते. तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये काही तास नीट मुरावा लागतो, म्हणजे त्यातल्या पेशी आहेत त्या जागी, आहेत त्या आकारात थिजून राहतात. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन त्यातले पाणी काढतात, झायलीनमधून नेतात आणि पाण्याच्या जागी वितळलेले मेण भरतात. त्याचा मेणाचा ठोकळा होतो. मायक्रोटोम नावाच्या यंत्राच्या पात्याने त्या ठोकळ्याचे काप काढायचे, तेही साधारण चार मायक्रॉन जाडीचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस काप सहज बसतील. तो काप कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर उचलायचा, मेण काढायचे आणि रंगवायचा. तुकडा हाडाचा असेल, तर आधी आम्लात ठेवून त्यातला चुना काढावा लागतो. त्याला आणखी दिवस. एवढे झाल्यावर कुठे डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर डोळा ठेवतात. गडबड करून चालणारे हे काम नाही. घाईघाईने पास केलेल्या चेकचे काय होते, ते मी तीस वर्षे पाहिले आहे.

तिसऱ्या दिवशी मी रिपोर्ट आणायला गेलो. बोलता बोलता इचलकरंजीचा विषय निघाला. नोकरीच्या सुरुवातीला मी तिथे होतो आणि यंत्रमागांच्या कर्जांचे काम पाहायचो. तिथले व्यापारी कापड घेताना घडीचे एक छोटे भिंग कापडावर ठेवत आणि इंचात उभे धागे किती, आडवे किती, ते मोजत. मी ते सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "मग या, तुम्हाला कापडच दाखवते."

आधी त्यांनी शिकवण्यासाठी ठेवलेली एक काचपट्टी लावली. निरोगी गालाची. मी डोळा लावला आणि क्षणभर खरोखरच इचलकरंजीत असल्यासारखे वाटले. गुलाबी रंगाचा एक जाड पट्टा, त्यात जांभळे ठिपके. तळाशी ठिपके दाटीवाटीने एका ओळीत बसलेले. वर जावे तसतसे विरळ आणि चपटे होत गेलेले. पट्ट्याच्या खाली रेघ ओढल्यासारखी कड, आणि कडेच्या खाली गुलाबी तंतूंचे सैलसर जाळे, त्यात रक्तवाहिन्यांची भोके.

ठिपके म्हणजे पेशींची केंद्रके. तळाच्या ओळीत नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात आणि शेवटी घासल्या जाऊन पडतात. जेवताना, बोलताना आपण गालाचा वरचा थर रोज झिजवत असतो आणि खालून तो रोज भरून येत असतो. या आवरणाला शाळेच्या पुस्तकात ‘अभिस्तर ऊती’ म्हणतात. खालच्या जाळ्याला ‘संयोजी ऊती’. या दोन, आणि शिवाय स्नायू ऊती व चेता ऊती, अशा चारच मूळ प्रकारांतून आपला सगळा देह उभा आहे. मेंदू काय, मूत्रपिंड काय किंवा पायाची टाच काय, याच चौघांची निरनिराळी जुळणी.

त्या जुळणीत कुठेही उधळपट्टी नाही, हे मला हिशेबी माणूस म्हणून फार भावले. जिथे घर्षण आहे, तिथे अभिस्तराचे अनेक थर: गाल, अन्ननलिका, त्वचा. जिथे काही शोषून घ्यायचे आहे, तिथे एकच थर: आतड्यात एकाशेजारी एक उंच पेशी उभ्या, आणि पृष्ठभाग वाढावा म्हणून सारे अस्तर बोटांसारख्या उंचवट्यांनी भरलेले. फुप्फुसात हवा आणि रक्त यांच्यामध्ये जो पडदा आहे, तो बहुतेक ठिकाणी एका मायक्रॉनपेक्षाही पातळ आहे. जाड असता, तर प्राणवायू पलीकडे पोचायला उशीर झाला असता. हातापायांच्या स्नायूंचे तंतू लांब, सरळ आणि पट्टेदार; हृदयाचे मात्र फांद्या फुटलेले आणि एकमेकांशी सांधलेले, म्हणजे ठोक्याचा निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जावा आणि सगळ्यांनी एकत्र आकुंचन पावावे. कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा चेतापेशीचा तंतू तर सुमारे मीटरभर लांब असतो, आणि तो एकाच पेशीचा असतो. आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस चालते, मग मोडीत निघते. जमा आणि खर्च यांचा असा ताळा मी कुठल्याही शाखेत पाहिला नाही.

‘ऊती’ हा शब्द मला शाळेत असताना मुद्दाम घडवलेला, रुक्ष वाटायचा. पुढे कळले, की तो विणण्याच्या संस्कृत धातूतून आला आहे. ‘ओतप्रोत’ हा शब्द आपण नेहमी वापरतो. त्यातला ‘ओत’ म्हणजे विणलेलेच. इंग्रजीतला ‘टिश्यू’ हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचाही अर्थ विणलेले वस्त्र. झाव्हिये बिशा या तरुण फ्रेंच डॉक्टराने शरीराचा विचार अवयवांऐवजी अशा विणींमध्ये करायला सुरुवात केली. एकवीस प्रकारच्या विणी त्याने वेगळ्या ओळखल्या, त्याही सूक्ष्मदर्शकावर विश्वास न ठेवता, उघड्या डोळ्यांनी आणि बोटांनी. १८०२ मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी तो वारला. या शास्त्राचे नाव ‘हिस्टॉलॉजी’. त्यातला ग्रीक ‘हिस्टोस’ म्हणजे माग. त्याच्याही शंभर-सव्वाशे वर्षे आधी भिंगातून सूक्ष्म जीव पाहणारा डेल्फ्ट गावचा लेव्हेनहूक हा तर व्यवसायाने कापडाचाच व्यापारी.

आणि रंग? काचपट्टीवरचा जांभळा रंग हेमॅटॉक्सिलिनचा. तो मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या लाकडातून निघतो आणि शतकानुशतके त्याने कापड रंगवले जात होते. तुरटीच्या साहाय्याने तो पेशींच्या केंद्रकांवर बसवण्याची युक्ती १८६५ च्या सुमारास साधली. गुलाबी रंग इओसिनचा. तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगांच्या कारखान्यात तयार झाला. रंगाऱ्यांचे हे दोन रंग आजही जगभरच्या लॅबमध्ये रोज वापरले जातात. कापडाच्या दुनियेतून आलेले भिंग, शब्द आणि रंग असे सारे मिळून आपल्या गालाचा निकाल लावतात.

मग बाईंनी दुसरी काचपट्टी लावली. काही बोलल्या नाहीत. मी डोळा लावला.

शिकलेला नसलो तरी मला दिसले, की वीण बिघडली आहे. खालचे सैल जाळे घट्ट, एकसंध, साच्यातून काढल्यासारखे झाले होते. सुपारीने हे होते. संयोजी ऊतीत तंतू साचत जातात आणि गाल कातड्यासारखा ताठ होतो. अण्णांचे तोंड उघडत नव्हते ते वयामुळे नव्हे. आणि मघाची ती रेघ, पट्ट्याखालची कड, एका जागी सापडेना. वरच्या पेशी ती ओलांडून खालच्या जाळ्यात उतरल्या होत्या. बेटाबेटांनी. केंद्रके लहानमोठी, गडद, वेडीवाकडी. काही बेटांच्या मध्यभागी गुलाबी वेटोळी होती. त्यांना मोती म्हणतात, असे बाईंनी सांगितले. एवढ्या वाईट गोष्टीला इतके सुंदर नाव मी आजवर ऐकले नाही.

"ती रेघ महत्त्वाची," त्या म्हणाल्या. "पेशी बिघडल्या, पण रेघेच्या वर राहिल्या, तर गोष्ट वेगळी. रेघ ओलांडली, की तो कॅन्सर पसरू शकतो. हा अजून लहान दिसतो. सर्जनना आजच दाखवा. आणि पेशंटला सांगा."

या शेवटच्या वाक्याकडे मी लक्ष दिले नाही.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. तोंडाच्या कॅन्सरचा आणि आपल्या सवयींचा संबंध काही काल-परवा कळलेला नाही. परळचे टाटा मेमोरिअल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५-१९७८) यांच्याकडे होती. भारतातील विकृतिशास्त्राचे ते जनक मानले जातात. १९४४ साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या लागोपाठ एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा माणसात कॅन्सर निर्माण करते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात दिला. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण साध्या सुपारीला आपल्या घरात अजूनही पानदानात मानाची जागा आहे. पूजेतली सुपारी पूजेत असू द्यावी, गालातली काढावी. झोंबणारी आमटी आणि न उघडणारे तोंड हे म्हातारपण नव्हे, हे एवढे कुणाच्या ध्यानात राहिले, तरी या लेखाचा कागद वाया गेला नाही, असे मी समजेन.

आता माझी चूक.

सर्जनकडे आम्ही तिघे आत गेलो. मी, वहिनी आणि पुतण्या. ज्यांच्या गालाचा रिपोर्ट, ते अण्णा बाहेर बाकावर छत्री सांभाळत बसले होते. आपल्याकडे हे किती सहज होते पाहा. सर्जननी निकाल सांगितला, ऑपरेशनची जवळची तारीख दिली. वहिनी डोळे पुसून म्हणाल्या, "भाऊजी, यांना कळता कामा नये. हाय खातील." पुतण्याचेही तेच म्हणणे. मलाही तेच बरे वाटले, कारण सांगण्याचे काम माझ्यावर आले असते. बाहेर येऊन मी अण्णांना म्हणालो, "काही विशेष नाही. साधा अल्सर आहे. छोटंसं ऑपरेशन करावं लागेल."

अण्णा समजूतदार माणूस. ते म्हणाले, "साधा आहे ना? मग गणपती होऊ देत. घरात पाहुणे येणार, त्यात माझं तोंड बांधलेलं कशाला? दिवाळीआधी बघू."

आणि त्यांनी तारीख नाकारली.

आम्ही अडकलो. घाई करा म्हणावे, तर कारण सांगावे लागणार. कारण सांगावे, तर खोटे उघडे पडणार. वहिनी नवस बोलल्या, पुतण्याने चिडचिड केली, मी रोज नवी थाप शोधत राहिलो. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला थापांची वाण नसते. असे अकरा दिवस गेले. रेघ ओलांडून खाली उतरलेल्या त्या पेशी आमच्या सोयीसाठी थांबल्या असतील, असे मानायला काहीच आधार नव्हता.

बाराव्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या घरी आले. हातात तो रिपोर्ट. पुतण्याच्या कपाटात विजेचे बिल शोधताना सापडला होता. अडतीस वर्षे पोस्टात काढलेला माणूस. ‘कार्सिनोमा’ एवढा इंग्रजी शब्द त्यांना कळत होता. ते रागावतील असे वाटले होते. ते शांतपणे खुर्चीत बसले आणि म्हणाले,

"बाबा, मी जन्मभर लोकांची पत्रं वाटली. चांगली, वाईट, कुणाच्या मरणाची. एकही फोडलं नाही. ज्याचं त्याला दिलं. तुम्ही माझं पत्र फोडलंत, सगळ्यांनी वाचलंत आणि मला म्हणालात, पत्रच आलं नाही."

मी काहीतरी पुटपुटलो. तुमच्या भल्यासाठी वगैरे.

"तू शाखेत मॅनेजर होतास तेव्हाची गोष्ट," ते म्हणाले. "तुझ्या वहिनीनं माझ्या खात्यात शिल्लक किती ते विचारलं होतं. तू सांगितलं नाहीस. म्हणालास, वहिनी, खातं अण्णांचं आहे, त्यांना विचारा. घरी येऊन ती आठ दिवस धुसफुसत होती. पण मला तुझा अभिमान वाटला होता. मग माझ्या गालाचं खातं कुणाचं रे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. खातेदाराच्या परवानगीवाचून त्याची शिल्लक सख्ख्या बायकोलाही न सांगणारा मी, त्याच माणसाच्या देहाचा हिशेब त्याला सोडून सगळ्यांना सांगून बसलो होतो. बँकेत हे केले असते, तर माझ्यावर आरोपपत्र आले असते. घरात केले, त्याला आम्ही माया म्हटले.

त्याच दुपारी अण्णांनी सर्जनना स्वतः फोन केला आणि चार दिवसांनंतरची तारीख घेतली. गणपती त्या वर्षी आमच्याकडे दीड दिवसच बसले. अण्णा दवाखान्यात होते, आणि हाय खाल्ली असेलच कुणी, तर ती आम्ही.

मला ठाऊक आहे, अनेक वाचक म्हणतील, की सगळीच माणसे अण्णांसारखी नसतात. खरे आहे. काहींना खरोखरच जाणून घ्यायचे नसते. ‘तुम्ही बघा काय ते, मला सांगू नका,’ असे म्हणणारी म्हातारी माणसे मीही पाहिली आहेत आणि त्यांच्या त्या इच्छेचाही मान राखला पाहिजे. पण तो निर्णय त्यांचा हवा. बँकेतही खातेदार दुसऱ्याला अधिकारपत्र देऊ शकतो. मात्र त्याखाली सही त्याची लागते. तपासणीला तुकडा देण्याआधीच शांतपणे विचारावे, "रिपोर्ट आला की तुम्हाला सांगायचं ना? की मुलाला सांगू?" एवढा एकच प्रश्न. निकाल येण्यापूर्वी तो विचारणे सोपे असते. नंतर तो कुणाच्याच तोंडून फुटत नाही. आणि ‘आपल्या लोकांची ही रीतच आहे’ हा युक्तिवाद मला पटत नाही. ज्याला उपचार सोसायचे आहेत, सुई टोचून घ्यायची आहे, बोलणे-गिळणे गमवायचे आहे, त्यालाच ते कशासाठी हे ठाऊक नसावे, ही रीत असेल तर ती मोडलेली बरी.

अडाणीपणाची ढालही पुढे करू नये. ‘त्यांना काय कळणार’ असे आपण म्हणतो. मला तरी काय कळत होते? एका डॉक्टरबाईंनी पाच मिनिटे दिली, एक निरोगी काचपट्टी दाखवली, कापडाची उपमा वापरली, आणि मला रेघ कळली. जिने आयुष्यभर गोधड्या शिवल्या, त्या बाईला थर आणि काठ समजावून सांगता येणार नाहीत? समजावणाऱ्याला वेळ नसतो, हे खरे कारण आहे.

बाटलीविषयीही जाता जाता सांगतो, कारण ती उद्या तुमच्या हातात येऊ शकते. नाव, वय आणि तुकडा शरीराच्या कुठल्या भागातला, हे बाटलीच्या अंगावर लिहिलेले असावे. झाकणावर नव्हे, झाकणे बदलतात. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल, तर आत फॉर्मॅलिन आहे ना, हे विचारून घ्यावे, आणि तेही तुकडा चांगला बुडून वर भरपूर उरेल एवढे. साध्या पाण्यात ठेवलेला तुकडा कुजतो. मग जगातला कोणताही तज्ज्ञ त्यातले काही वाचू शकत नाही आणि माणसाला पुन्हा टेबलावर जावे लागते. सोबतच्या कागदावर दोन शब्दांवर भागवू देऊ नका. किती दिवसांचा त्रास, कोणती सवय, आधीचे आजार, हे लिहून घ्या. बाटली दिल्यावर पावती मागा. शंका असेल, तर त्याच काचपट्ट्या आणि तोच मेणाचा ठोकळा दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येतो. पुन्हा कापाकापी करावी लागतेच असे नाही. पेशंटने मागितल्यास त्याचे वैद्यकीय कागद ७२ तासांत द्यावेत, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने सांगितले आहे. मागण्यात संकोच कसला? पासबुक मागताना आपण संकोचतो का?

आणि त्या न दिसणाऱ्या डॉक्टरांची आठवण ठेवा. ऑपरेशन करणाऱ्याला आपण पेढे देतो. ज्याच्या सहीवर ऑपरेशन ठरले, त्याचे नावही आपल्याला माहीत नसते. बँकेत चेकवरची सही नमुन्याशी ताडून पाहणारा अधिकारी जसा काउंटरच्या मागे, कुणाच्या नजरेत न येता बसतो, तसाच हाही. त्याच्या एका नजरचुकीची किंमत मात्र फार मोठी असते.

अण्णांच्या गालाचा तो भाग निघाला. काढलेल्या मोठ्या तुकड्याच्या कडांना शाई लावून तो पुन्हा त्याच बाईंकडे गेला. शाई अशासाठी, की सूक्ष्मदर्शकाखाली कापलेली कड ओळखता यावी आणि बिघडलेल्या पेशी तिच्यापर्यंत पोचल्या आहेत का, हे पाहता यावे. या वेळचे पाकीट मी न फोडता अण्णांच्या हातात दिले. त्यांना बोलता येत नव्हते. त्यांनी ते कात्रीने नीट कापले, वाचले आणि एका ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिले.

"काठ कोरे आहेत," मी म्हणालो. "सगळ्या बाजूंनी."

त्यानंतर अण्णा आठ वर्षे जगले. बोलणे थोडे बोबडे झाले, भाकरी दुधात कुस्करून खावी लागे. पण नातवाला पोस्टाची तिकिटे कशी जमवायची ते त्यांनी शिकवले. २०१६ साली ते गेले, ते हृदयविकाराने. त्यांच्या मागे कागद आवरताना तो दुसरा रिपोर्ट माझ्या हाती आला. मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांच्या वळणदार अक्षरात तारीख होती, पूर्ण सही होती आणि वर एकच शब्द लिहिला होता: ‘मिळाला’.